बारा बोरांची बंदूक

मराठीत 'दारू' या शब्दाइतका घोटाळेबाज शब्द दुसरा क्वचितच असेल. मुळात तो फारसीतला, आणि तिथे त्याचा अर्थ औषध. आपल्या 'दवादारू'मध्ये तो जुना अर्थ अजून सुखाने नांदतो आहे. औषधाच्या बाटलीतून तो पुढे दुसऱ्या बाटलीत कसा शिरला, हे सांगायला भाषापंडित नको. पण बंदुकीच्या नळीत तो कसा जाऊन बसला, याचे मला पुष्कळ दिवस नवल वाटे. मग कळले, की ही काळी भुकटी ज्या चीन देशात प्रथम तयार झाली, तिथेही तिला 'अग्नि-औषध' अशा अर्थाचेच नाव आहे. सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र कुटले की माणसाचे सगळेच रोग एकदम बरे होतात, असा काही त्या नावामागचा भाव असेल तर तो खोटा म्हणता येणार नाही!

या शब्दाने माझ्या वर्गात मोठी बहार उडवून दिली होती. चाकणचा वेढा शिकवून झाला होता. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेपुढे तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी मोगलांनी बुरुजापर्यंत भुयार खणले, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवला. परीक्षेत एका मुलाने उत्तर लिहिले, "मोगलांनी गुपचूप भुयारातून दारू पाठवली, त्यामुळे किल्ला हातचा गेला." शेजारी सुबक चित्रही होते. बुरुजाखाली ओळीने बाटल्या मांडलेल्या! त्या मुलाला मार्क किती द्यावेत या विचारात मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. घटनाक्रम बरोबर होता, कारणही बरोबर होते, आणि दारूपायी पडलेले वाडे, गढ्या नि संसार त्या पोराने स्वतःच्या गल्लीतच पाहिले असतील. अर्धा मार्क कापला आणि पुढचा पेपर घेतला.

दिवाळीच्या दिवसांत तर असले घोटाळे घरोघर होतात. आमच्या शेजारच्या काकूंनी एका वर्षी काकांना बाजारची यादी दिली. तीत उटणे, पणत्या, वाती यांच्या खाली 'टिकल्या, दोन पाकिटे' एवढेच लिहिले होते. काकांनी इमानेइतबारे पोरांच्या पिस्तुलात घालायच्या टिकल्या आणल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, नवी साडी नेसून तयार झालेल्या काकूंनी पाकीट उघडले आणि म्हणाल्या, "आता या काय कपाळाला लावू?"

"लाव," काका शांतपणे म्हणाले, "फक्त आज कपाळावर आठी घालू नकोस. बार होईल."

तो बार कपाळावर झाला नाही, पण घरात व्हायचा तो झालाच.

हे झाले खोट्या पिस्तुलाचे. खऱ्या बंदुकीच्या जगातले घोटाळे याहून फार निराळे नाहीत; फक्त तिथे चुकीच्या पाकिटाची किंमत मोठी असते. आणि त्या घोटाळ्यांचे मूळ पुष्कळदा नावांत आणि आकड्यांत असते.

माझ्या आजोळी, राजापूर तालुक्यात, एक बंदूक होती. एकनळी, बारा बोअरची. शेताच्या राखणीसाठी काढलेल्या परवान्यावरची. आजी तिला 'बारा बोरांची बंदूक' म्हणत असे. लहानपणी आम्ही भावंडे त्यावर पोट धरधरून हसत असू. पुढे मोठेपणी पुस्तकात वाचले तेव्हा कळले, की आजी अगदी बिनचूक बोलत होती. एक पौंड शिसे घ्यावे, त्याच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या कराव्यात. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. अशी गोळी साडेअठरा मिलिमीटर जाडीची होते, म्हणजे चांगल्या पोसलेल्या बोराएवढीच! त्याच पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा मोठा, बंदूक लहान. पहिल्या घोटाळ्याची सोय इथेच झाली.

त्यातून .४१० नावाची एक छर्ऱ्याची बंदूक असते. तिच्या बाबतीत हा पौंडाचा हिशेब लागूच नाही. तिथे नळीची रुंदी इंचाच्या भागांत मोजलेली. रायफलीची .३०३ म्हणतात तीही इंचात. आणि तिच्या जागी आलेली ७.६२ ती मिलिमीटरमध्ये. एकाच घरात कुणी शेराने, कुणी मापट्याने आणि कुणी लिटरने दूध घ्यावे, तसा हा प्रकार.

लष्करातले शिस्तीचे लोक तरी यातून सुटले असतील असे कुणाला वाटेल. पण पहिल्या महायुद्धात जर्मनांसारख्या काटेकोर लोकांवरही पंचाईतीची वेळ आली होती. पिस्तुले कमी पडू लागली, म्हणून १९१६ साली त्यांनी माउझर पिस्तुलांची मोठी मागणी नोंदवली. हे पिस्तूल मुळात ७.६३ मिलिमीटरच्या काडतुसाचे. सैन्याला हवे होते ९ मिलिमीटरचे. तसे ते करून दिले गेले. पण बाहेरून पाहिले तर जुने नि नवे जुळ्या भावांसारखे सारखे! धुमश्चक्रीत शिपायाने भलतेच काडतूस भरले तर काय घ्या? शेवटी नव्या पिस्तुलांच्या लाकडी मुठीवर भला मोठा ९चा आकडा कोरला आणि त्यात लाल रंग भरला. लग्नघरात सारख्या दिसणाऱ्या तांब्यांतला आपला कोणता हे कळावे म्हणून आपण नाव घालतो, त्याचीच ही जर्मन आवृत्ती. आज ती पिस्तुले जुन्या शस्त्रांच्या शौकिनांत त्या लाल नवावरूनच ओळखली जातात.

जपान्यांचे हाल याहून वाईट. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पायदळाकडे काही रायफली ६.५ मिलिमीटरच्या होत्या आणि काही नव्या ७.७ च्या. एका तुकडीची काडतुसे दुसऱ्या तुकडीला निरुपयोगी. त्यात आणखी गंमत अशी, की त्यांच्या आरमाराकडेही ७.७ मिलिमीटरचे काडतूस होते. पण ते इंग्रजांच्या.३०३ च्या धर्तीचे, बुडाला कडा असलेले. भूदलाच्या रायफलीत ते चालणारे नव्हते. आकडा तोच, गोत्र वेगळे! आपल्याकडच्या एस.एल.आर. रायफलीचे काडतूस ७.६२ चे आणि ए.के. ४७ चेही ७.६२ चेच; पण पहिल्याची कोठी ५१ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची ३९. नुसते '७.६२ ची पेटी आणा' म्हणणारा साहेब आणि ती नेमकी दुसरी पेटी घेऊन येणारा जवान, यांच्यात मग चूक कुणाची?

हा 'चूक कुणाची' प्रश्न आमच्या आजोळी कित्येक दिवाळ्या गाजला. गोष्ट १९६४ सालची, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. पण ती इतक्या वेळा ऐकली आहे, की मी तिथे हजर होतो असेच मला वाटते.

भात कापणीला आले होते आणि रानडुकरे रोज रात्री शेतात धुमाकूळ घालीत होती. दिवाळीला आजोबांचे साडू आले होते. शहरातले, हौशी. त्यांची वीस बोअरची बंदूक हलकी, देखणी, दस्त्यावर नक्षी असलेली. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे हाका घालायचा बेत ठरला. रात्री ओसरीवर दोघांची काडतुसे मांडून गप्पा रंगल्या, आणि ती तशीच टाकून दोघे जेवायला उठले. घरात रांगती, धावती मिळून सात पोरे. आजीला पसारा खपत नसे. तिने चकलीचा रिकामा डबा पुसून घेतला आणि होती नव्हती ती सगळी काडतुसे त्यात भरून फडताळात ठेवून दिली.

पहाटे अंधारातच आजोबांनी त्या डब्यातून मूठभर काडतुसे खिशात घातली. बांधावर जाऊन बसले. शेजारी गावचा जुना शिकारी गडी, पलीकडच्या बांधावर साडू. हाकारे सुरू झाले. फटफटले नाही तोच एक मोठा डुक्कर झुडपातून बाहेर आला, अगदी समोर. आजोबांनी नेम धरला, चाप ओढला.

टच्.

बार नाही, धूर नाही. डुक्कर निवांत निघून गेला. पलीकडून साडूंचे हसणे ऐकू आले. आजोबांनी बंदूक मोडून पाहिले, तर घर रिकामे. आपण काडतूस भरायलाच विसरलो की काय! एका गावच्या खोताची, शिकारी म्हणून नाव असलेल्या माणसाची, साडूसमोर अशी शोभा! कानशिले तापली. घाईघाईने त्यांनी खिशातून दुसरे काडतूस काढले आणि भरायला गेले. इतक्यात त्या म्हाताऱ्या गड्याने नळीवर हात ठेवला.

"भाऊ, आधी नळीतनं आभाळ दिसतंय का बघा."

आजोबा संतापले. आयुष्यभर बंदूक वापरणाऱ्याला नोकराने शिकवावे! पण म्हातारा हात काढीना. तो एवढेच म्हणाला, "तुम्ही काडतूस घातलेलं मी बघितलं. मग ते गेलं कुठं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. आजोबांनी नळी उंच करून डोळा लावला. आभाळ उजळत चालले होते, पण नळीत काळोख होता. पुढच्या बाजूने वेताची काठी घालून ढकलले, तेव्हा साडूंचे वीस बोअरचे काडतूस टपकन् खाली पडले.

झाले होते ते असे. वीसचे काडतूस बारीक. बारा बोअरच्या नळीत ते बुडाच्या कडेशी अडकून राहत नाही. घसरत पुढे जाते आणि नळी जिथे निमुळती होते तिथे रुतून बसते. मागून पाहणाऱ्याला घर रिकामे दिसते. त्याच्या मागे बारा बोअरचे काडतूस बिनबोभाट बसते. आणि मग चाप ओढला की बार पुढे जायला वाट नसते. नळी फाटते ती साधारण डाव्या हाताची मूठ असते त्या जागी. आजोबांच्या त्या डाव्या हाताने पुढे तीस वर्षे देवळातल्या भजनात पेटीचा भाता हलवला.

दर दिवाळीला फराळाच्या वेळी हा खटला पुन्हा उभा राही. साडू म्हणत, डब्यात भेसळ करणारी आजी गुन्हेगार. आजी म्हणे, पोरांच्या घरात ओसरीवर काडतुसे पसरून ठेवणारे दोन बाप्ये गुन्हेगार. मामा म्हणत, अंधारात न पाहता भरणारे आजोबा गुन्हेगार. सगळे हसत. आजोबा मात्र या हसण्यात कधी सामील झाले नाहीत. एकदाच, फार आग्रह झाला तेव्हा, ते म्हणाले, "पहिलं काडतूस चुकलं ती चूक कुणाचीही असेल. पण दुसरं मी भरायला निघालो ते लाज वाटली म्हणून. आणि मी त्याच्यावर ओरडलो, तरी त्यानं हात काढला नाही."

त्या म्हाताऱ्याचा विचार मी पुष्कळदा करतो. खोताच्या बंदुकीवर हात ठेवणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. शंका चुकीची ठरली असती, तर त्याचेच हसे झाले असते आणि वर शिव्या मिळाल्या असत्या त्या वेगळ्या. आपल्याला शंका पुष्कळ येतात. पण मोठ्या माणसाचा हात धरायची वेळ आली, की आपण आभाळाकडे पाहायला लागतो, नळीतून मात्र नाही.

आजीने त्याच दिवशी डबे दोन केले. एवढ्यावर न थांबता साडूंच्या काडतुसांच्या डब्याला तिने हळदीत भिजवलेला पिवळा दोरा बांधला. शहाण्यांच्या युक्त्या कशा जुळतात पाहा! आज बऱ्याच कारखान्यांतून निघणारी वीस बोअरची काडतुसे पिवळ्याच रंगाची असतात, बाराच्या काडतुसांत मिसळली तर चटकन ओळखू यावीत म्हणून. आजीचा दोरा त्या कारखानदारांना माहीत असायचे कारण नाही. पण आमच्या घरात या शोधाचा मान तिच्याकडेच आहे आणि तो काढून घेण्याची कुणाची छाती नाही.

आजोबांच्या मागे बंदूक रीतसर सरकारजमा झाली. घरात राहिला तो एक वाक्प्रचार. कुणी प्रवासाला निघाले, मुलीचे स्थळ पक्के होत आले, जमिनीच्या कागदावर सही करायची वेळ आली, की कुणीतरी विचारतेच, "नळीतून आभाळ दिसतंय ना?" बाहेरच्याला हा काय प्रकार ते कळत नाही. विचारले तर गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगण्यात तासभर जातो. तेवढ्या तासात पुष्कळ सह्या टळल्या आहेत.

दिवाळीच्या रात्री एखादा भुईनळा नुसताच फुसफुसतो आणि गप्प बसतो. पोरे लगेच वाकून त्यात डोकावायला धावतात. न उडालेला बार हा विझलेला असतोच असे नाही; कधीकधी तो नुसता विचार करत असतो. तेव्हा त्यांना खुशाल दंडाला धरून मागे ओढावे. ती रुसतील, चारचौघांत ओरडा बसला म्हणून फुरंगटून बसतील. हातावर एक अनारसा ठेवावा, म्हणजे रुसवा पळतो.