समुद्राची नोकरी

मल्लेश्वरम, बेंगळुरू
२६ डिसेंबर

चि. छकूस,


काल ताईचा फोन आला. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती संस्थेत तुझी निवड झाली हे ऐकून देवापुढे साखर ठेवली. ठेवते न ठेवते तोच तिने सांगितलं की तू अजून होकार कळवलेला नाहीस. “मालवणच्या मुलीने समुद्राची नोकरी करायला समुद्रच सोडून जायचं?” असं तू म्हणालीस म्हणे. प्रश्न रास्त आहे. फोनवर चार शब्दांत उत्तर देता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

मी तीस वर्षं ज्या गावात राहते ते समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचावर आहे. इथे खाऱ्या वाऱ्याची झुळूकही येत नाही. पण आपल्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ याच गावात, भारतीय विज्ञान संस्थेत बसून पावसाळा आणि समुद्र यांचं नातं उलगडत राहिल्या. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की पावसाचे उंच ढग वाढण्याची शक्यता खूप वाढते, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८४ साली दाखवून दिलं. तेव्हा समुद्र समजायला किनाऱ्यावरच घर हवं, असं काही नाही.

पण मला सांगायचं आहे ते के. राधाकृष्णन यांच्याबद्दल. २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ मला लख्ख आठवते. मंगळयान कक्षेत शिरलं, आमच्या इमारतीत लोक एकमेकांना पेढे वाटत होते आणि टीव्हीवर इथल्याच पीन्याच्या केंद्रातून इस्रोचे अध्यक्ष म्हणून हे गृहस्थ दिसत होते. साऱ्या देशाने त्यांना त्या दिवशी ओळखलं. त्याआधीची, इन्कॉइसमधली त्यांची पाच वर्षं मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत तीच सर्वांत मोलाची.

हा केरळातल्या इरिंजालकुडाचा मुलगा. त्रिशूरला इलेक्ट्रिकल इंजिनीयर झाला, १९७१ मध्ये तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्रात लागला. १९७६ साली इथल्याच आयआयएममधून एमबीए केलं. कथकली नाचणारा, कर्नाटक संगीत गाणारा माणूस. जन्म गेला अवकाश खात्याच्या कामात, आणि २००० साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांच्या हाती इन्कॉइस आलं. १९९९ साली स्थापन झालेली, नुकती पावलं टाकू लागलेली संस्था. पहिले संचालक तेच. समुद्राची माहिती गोळा करायची आणि ज्याला तिची गरज आहे त्याच्या हातात वेळेवर द्यायची, एवढंच काम. पण ते ‘एवढंच’ उभं करणं किती अवघड!

अर्गो नावाचे तरंगक त्याच काळात हिंदी महासागरात सोडले जाऊ लागले. साधारण माणसाच्या उंचीची नळी. १,००० मीटर खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहते, मग २,००० मीटरपर्यंत उतरते आणि वर येता येता पाण्याचं तापमान नि खारटपणा मोजते. पृष्ठभागावर आली की उपग्रहाला सगळं सांगून पुन्हा बुडी मारते. दर दहा दिवसांनी हा फेरा. हिंदी महासागरातल्या या कामाचा समन्वय राधाकृष्णन यांच्याकडे होता.

आता घरातलीच गोष्ट बघ. आपले आबा शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि वर ओढताना दोन्ही हात पसरून वाव मोजायचे. “इथं बारा वाव,” म्हणायचे. गोळ्याच्या बुडाला लावलेल्या मेणाला वाळू चिकटली की चिखल, ते बोटाने चोळून बघायचे आणि मग जाळं टाकायचं की नाही ते ठरवायचे. गेल्या दिवाळीत भावोजींनी मला त्यांचा मोबाईल दाखवला. मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, किनाऱ्यापासून किती अंतरावर, कोणत्या दिशेला, किती खोलीवर, सगळं मराठीत. उपग्रहाला दिसलेलं पाण्याचं तापमान आणि हिरवं हरितद्रव्य यांवरून काढलेलं. डिझेल वाचतं, म्हणाले. हैदराबादला बसलेल्या कुणीतरी ते तयार केलेलं असतं. तो ‘कुणीतरी’ उद्या तू असशील.

आज २६ डिसेंबर. २००४ साली आजच्याच दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हलला. लाटा तामिळनाडूला पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. दोन तास! लोक किनाऱ्यावर आपापल्या रविवारच्या कामात होते. सांगणारी यंत्रणाच नव्हती. भारतात दहा हजारांहून जास्त माणसं गेली. ते दोन तास आठवले की अजून माझ्या पोटात कालवतं.

त्यानंतर सुनामीचा इशारा देण्याचं काम इन्कॉइसवर आलं. राधाकृष्णन २००५ मध्ये पुन्हा अवकाश खात्यात परतले. सुनामी इशारा केंद्र पुरं झालं ते शैलेश नायक संचालक असताना, १५ ऑक्टोबर २००७ रोजी. हेच नायक पुढे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे सचिव झाले आणि नंतर इथे बेंगळुरूला राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे संचालक. एकाने संस्था उभी केली, दुसऱ्याच्या काळात केंद्र सुरू झालं. सरकारी सेवेत असंच असतं. झाड लावणारा सावलीत बसतोच असं नाही. हे ज्याला सोसतं त्याने या वाटेला यावं.

आणि एक. त्या केंद्रात रात्रंदिवस माणसं बसलेली असतात. बहुतेक रात्री काहीच घडत नाही. ११ एप्रिल २०१२ ला मात्र सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा ऐकून कुणाचीही छाती दडपावी. पण तिथे जमीन आडवी सरकली होती, पाणी फारसं उचललं गेलं नव्हतं. सगळा किनारा सरसकट रिकामा करा, असं केंद्राने सांगितलं नाही. खोल पाण्यातल्या दाबमापकांवर लक्ष ठेवलं आणि धोका नाही हे दिसताच इशारा मागे घेतला. “पळा” म्हणणं सोपं आहे गं. घड्याळ धावत असताना, लाखो माणसांचा जीव आपल्या शब्दावर असताना, “थांबा, गरज नाही” म्हणायला ज्ञान लागतं आणि छातीही लागते.

हे सगळं पूर्व किनाऱ्याचं, आपल्या कोकणाला काय, असंही मनात आणू नकोस. नोव्हेंबर १९४५ मध्ये पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला तेव्हा सुनामी मुंबईपर्यंत आली होती. तो मकरानचा किनारा अजून तिथेच आहे, आणि आपलं घर दर्यापासून शंभर पावलांवर.

ताईला तू जवळ हवीस, हे मला कळतं. भावोजी मात्र फोनवर मागून ओरडून म्हणाले, “तिला सांगा, जा म्हणावं.” आयुष्यभर दर्यावर गेलेल्या माणसाचं मत आहे ते. माझंही तेच.

होकाराचं पत्र ३१ तारखेच्या आत पोहोचायला हवं, असं ताई म्हणाली. हे वाचताच पाठव.

तुझी,
मावशी