सत्तेचाळीस

पहाटेचे साडेपाच. श्टुटगार्टमध्ये बाहेर किट्ट काळोख आणि तिकडे साताऱ्यात बाबा चष्मा लावून, फोन समोर धरून बसलेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे घेतात, मग भारताशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. तिकडची बँक दहाला उघडणार म्हटल्यावर मला साडेपाचलाच बसावं लागतं. ओटीपी बाबांच्या फोनवर येतो. ते तो आधी कालनिर्णयच्या मागच्या पानावर उतरवून घेतात आणि मग जोडीजोडीने वाचतात, "सत्तेचाळीस, त्रेसष्ट, शून्य आठ."

सत्तेचाळीस म्हटलं की कानावर आधी सात पडतो, चाळीस मागून येतात. जर्मनमध्येही अगदी तसंच, ‘झीबेन-उंड-फिर्त्सिग’, सात आणि चाळीस. दिवसभर मी दोन्ही भाषांतले आकडे बिनचूक टिपते. त्या पहाटे मात्र बोटाने आधी सात दाबला. दुसऱ्या खेपेला शेवटचा आकडा हुकला, तिसऱ्या खेपेला मुदत टळली आणि बँकेचं लॉगिन बंद पडलं.

2023ची दिवाळी तोंडावर आली होती, 12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. वाईजवळच्या एका गावातल्या अकरा बायका आमच्यासाठी गोधड्या शिवतात. जुन्या सुती साड्यांचे थर, वर चौकोनी तुकडे आणि काठापासून आत आत फिरत जाणारा धावदोरा. एका गोधडीला पंधरा-वीस दिवस सहज जातात. कापड, शिवण, पार्सल हे सगळं वहिनी बघते. वेबसाइट आणि पैसा माझ्याकडे, कारण धंदा मी परदेशी येण्याआधी सुरू केला होता आणि सगळं माझ्याच नावावर होतं.

गिऱ्हाइकाने पैसे भरले की ते थेट आपल्या खात्यात येत नाहीत. मधल्या कंपनीकडे जमा होतात आणि एक-दोन दिवसांनी बँकेत उतरतात. त्या कंपनीने आमचं हे उतरणंच थांबवलं. दुकानाचा पत्ता साताऱ्याचा आणि लॉगिन रोज जर्मनीतून, हे त्यांना खटकलं. पैसे भरले जात होते, स्क्रीनवर आकडा वाढत होता. तो 1 लाख 18 हजारांवर गेला आणि खात्यात एक रुपया नाही. शिवणाऱ्या बायकांचा हिशेब बाजाराच्या आदल्या दिवशी होतो. वहिनीने त्या आठवड्याला स्वतःची भिशी लावली आणि मला चार दिवसांनी सांगितलं.

मी कंपनीवर चिडले होते. पण कागद गोळा करायला बसले तेव्हा दिसलं की चूक माझीही होती. 1999च्या फेमा कायद्याप्रमाणे, कायम परदेशी राहायला गेलेल्या माणसाला साधं निवासी खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करून घ्यावं लागतं. मी ते केलेलं नव्हतं. ‘सुट्टीत गेले की बघू’ म्हणता म्हणता दोन सुट्ट्या गेल्या. बँकेच्या लेखी मी साताऱ्यातच होते, आणि माझा फोन नंबर म्हणजे बाबांच्या मोबाइलमधलं दुसरं सिम. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं प्रत्येक मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, आणि आमचा सगळा धंदा बाप लेकीला ओटीपी सांगतो यावर उभा होता. जानेवारी 2023मध्ये 10 देशांतले मोबाइल नंबर यूपीआयला जोडायची परवानगी निघाली. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, आखातातले काही देश त्यात होते. जर्मनी नव्हता.

इथली तऱ्हा वेगळी. बँक खात्यातून थेट वळते केलेले पैसे जर्मन गिऱ्हाईक आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता परत घेऊ शकतं. आपल्याकडे ऑनलाइन कार्डाला दुसरा पुरावा 2009पासूनच लागतो. पैसे भरतानाच ओळख पटवून घ्यायची, ही रीत मला जास्त पटते. त्यात शिवणारणीचे कष्ट सुरक्षित राहतात.

आणि ही रीत आपल्याला नवी नाही. जुन्या पेढ्यांवर शहाजोग हुंडी चालायची. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या, पेढीवाल्यांच्या ओळखीच्या माणसालाच मिळायचे. हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ लिहून मिळे. हरवलेल्या कागदाची सोय होती, पण समोर उभा राहणारा माणूस त्या बाजारातलाच असावा लागे. हे वाचलं तेव्हा माझं कुठे बिनसलंय ते नीट कळलं. माझी पत साताऱ्यात होती आणि मी तिथे नव्हते.

खातं एनआरओ करून घेतलं, अडकलेले पैसे सुटायला डिसेंबर उजाडला. पुढचा निर्णय मात्र कुणी मागितला नव्हता. धंदा वहिनीच्या नावावर नव्याने उभा केला. तिचा पॅन, तिचं चालू खातं, तिचा नंबर. "मला इंग्रजी फॉर्म जमायचे नाहीत," असं ती दोनदा म्हणाली. मी व्हिडिओ कॉलवर बसले, तिने एकेक रकाना मोठ्याने वाचत भरला. धंद्याचा प्रकार विचारला तिथे ती थांबली, मागे वळून गोधड्यांच्या चवडीकडे बघितलं आणि मला न विचारता यादीतला योग्य पर्याय निवडला.

शेवटी तिचा फोन वाजला. मी सवयीने कागद-पेन पुढे ओढलं.

"किती आलाय?"

"टाकला की," वहिनी म्हणाली.

मागे बाबा पेपर वाचत होते.