सांता फे : मडक्याच्या बुडावरचे नाव

काही गावे एकदा पाहून मन भरत नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला असलेल्या न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे हे माझ्यासाठी तसे गाव आहे. २०१७ साली प्रथम गेलो आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा गेलो. पहिल्या वेळी चित्रे पाहायला गेलो होतो. दुसऱ्या वेळी एक चूक दुरुस्त करायला गेलो.

मी पोटासाठी कारकून आणि हौसेने चित्रकार. चौदा एप्रिलचे फलक, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या देखाव्याचे पडदे, विहाराच्या भिंती, हाच माझा कॅनव्हास. धाकटी बहीण सांता फेजवळच्या अल्बकर्की शहरात असते. तिच्या बाळंतपणासाठी आईला न्यायचे होते. आईला एकटीने विमानप्रवास जमणारा नव्हता, म्हणून साठवलेली रजा टाकून मी सोबत गेलो. बाबासाहेब १९१३ साली ज्या देशात शिकायला गेले, तो देश मला असा आईच्या निमित्ताने दिसला.

मातीचे गाव

अल्बकर्कीहून सांता फेला आगगाडीने दीड तास लागतो. वाटेत तिथल्या मूळनिवासींच्या जमिनी लागतात. त्यांच्या वस्तीला ‘प्वेब्लो’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ गाव. न्यू मेक्सिकोत असे १९ प्वेब्लो आजही नांदते आहेत.

सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवर आहे. हवा कोरडी आणि उजेड इतका स्वच्छ की दूरचा डोंगरही हाताशी आल्यासारखा वाटतो. या उजेडासाठीच शंभर वर्षांपासून चित्रकार इथे येत आले. जॉर्जिया ओ’कीफ ही प्रसिद्ध चित्रकर्ती १९२९ साली या प्रदेशात काम करायला आली, पुन्हा पुन्हा येत राहिली आणि १९४९ पासून इथेच स्थायिक झाली. तिच्या चित्रांचे संग्रहालय १९९७ साली या गावात उघडले. कॅन्यन रोड नावाच्या एकाच रस्त्यावर चित्रांची दुकाने दाटीने उभी आहेत. चित्रकाराला वेड लागावे असेच गाव.

घरे मातीच्या रंगाची, कोपरे गोलसर, छपरे सपाट. गावाने १९५७ साली नियमच केला की जुन्या भागातील इमारतींनी हे रूप सोडायचे नाही. जुनी घरे खरोखर कच्च्या विटांची, नवी पुष्कळशी सिमेंटची आणि वर मातीचा रंग. दारोदार लाल मिरच्यांच्या माळा. आईने एका जुन्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, “अरे, ही तर आपल्या गावच्या घरासारखी. यात भुसकट कालवलंय बघ.” तिने लहानपणी अशा भिंती लिंपल्या होत्या. जगाच्या दुसऱ्या टोकाला तिला आपली भिंत भेटली.

माझी घासाघीस

गावाच्या मुख्य चौकात स्पॅनिश गव्हर्नरांचा सतराव्या शतकातला वाडा आहे. त्याच्या लांब ओसरीत भिंतीला पाठ लावून मूळनिवासी कारागीर चादरी अंथरून बसतात. चांदीचे दागिने, मण्यांच्या माळा, मडकी. नियम असा की माल स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचा असला पाहिजे आणि त्यावर करणाऱ्याची खूण पाहिजे.

एका वयस्क बाईंपुढे तळहातावर मावेल एवढे काळे मडके होते, आरशासारखे चकचकीत. किंमत साठ डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ चार हजार रुपये. मी सवयीप्रमाणे म्हणालो, “चाळीसला द्या.” बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी मडके उलटे करून बुडावर कोरलेले आपले नाव मला दाखवले आणि ते पुन्हा चादरीवर ठेवले. मी पुढे निघालो.

आईला इंग्रजी येत नव्हते, पण सारे समजले होते. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, “तुझ्या फलकाचे पैसे कुणी पाडले की त्या रात्री तू धड जेवत नाहीस. आज तूच पाडलेस.” मी काही बोललो नाही. वस्तीत श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषणे देणारा मी, वीस डॉलरसाठी एका कारागीर बाईचे श्रम मोजायला निघालो होतो. तरीही उठून परत गेलो नाही. लाज वाटली म्हणून गेलो नाही, हे त्याहून वाईट.

चौकातला दगड

त्याच चौकाच्या मधोमध तेव्हा एक दगडी स्तंभ होता, १८६८ सालचा. लढायांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेला. त्याच्या एका बाजूला ‘इंडियन’ लोकांशी लढताना पडलेल्या वीरांचा गौरव होता आणि त्या लोकांसाठी ‘रानटी’ असे विशेषण कोरले होते. १९७४ साली एका माणसाने दिवसाढवळ्या छिन्नी घेऊन तेवढाच शब्द खरवडून काढला. मी पाहिला तेव्हा ओळीच्या मध्ये तो खड्डा स्पष्ट दिसत होता.

मला कोरेगावचा स्तंभ आठवला. तिथल्या दगडावर आपल्या पूर्वजांची नावे आहेत, शेवटी ‘नाक’ असलेली. म्हणून तर दर १ जानेवारीला आपण तिथे माथा टेकतो. इथल्या दगडावर ज्यांची भूमी त्यांचे नाव नव्हते, शिवी होती. दगडावर काय कोरायचे, हे ज्याच्या हाती सत्ता तो ठरवतो.

गाठींचा दोर

परत आल्यावर मी त्या लोकांचा इतिहास मिळेल तसा वाचू लागलो. स्पॅनिश राजवटीने प्वेब्लोंच्या धर्माचरणावर बंदी घातली होती. १६७५ साली ४७ जणांना पकडून सांता फेला आणले. काहींना फाशीची शिक्षा झाली, बाकीच्यांना फटके. फटके खाल्लेल्यांत पोपे नावाचा एक जण होता. १६८० साली त्याने गावोगाव धावपटू पाठवले. प्रत्येकाच्या हाती गाठी मारलेला दोर. रोज एक गाठ सोडायची आणि गाठी संपल्या की उठाव करायचा. निरनिराळ्या भाषा बोलणारी, एकमेकांपासून दूर असलेली गावे त्या दोराने एक झाली. स्पॅनिशांना सांता फे सोडून पळावे लागले. ते परतले १२ वर्षांनी.

या पोपेचा संगमरवरी पुतळा २००५ साली वॉशिंग्टनच्या संसद भवनात बसवण्यात आला. तो घडवला हेमेझ प्वेब्लोच्या क्लिफ फ्रागुआ या शिल्पकाराने. पुतळ्याच्या हाती गाठींचा दोर आहे आणि पाठीवर फटक्यांचे वळ आहेत. आपल्या माणसाचा पुतळा आपल्याच कलावंताने घडवला आणि पाठीचे वळ लपवले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

मतदानाची गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १९२४ साली कायद्याने नागरिक ठरूनही न्यू मेक्सिकोत या लोकांना मत देता येत नव्हते. मिगेल त्रुहियो हे इस्लेटा प्वेब्लोचे शिक्षक, दुसऱ्या महायुद्धातून परतलेले माजी सैनिक. नाव नोंदवायला गेले तर नकार मिळाला. ते न्यायालयात गेले आणि १९४८ साली जिंकले. दोनच वर्षांत, १९५० साली, बाबासाहेबांच्या संविधानाने आपल्याला प्रौढ मताधिकार दिला. लोकशाहीचे धडे देणाऱ्या देशाचे मूळ रहिवासी आणि आपण, मतपेटीपाशी जवळजवळ बरोबरच पोचलो.

पुन्हा त्याच ओसरीत

आई २०२१ साली गेली. शेवटच्या आजारपणात एकदा सहज म्हणाली, “ते काळं मडकं घ्यायला हवं होतं रे.” तेवढे मनात राहिले. २०२४ साली बहिणीने बोलावले, तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

या वेळी सात वर्षांची भाची सोबत होती. गाडीत तिने विचारले, “मामा, ते पण इंडियन आणि आपण पण इंडियन, मग आपण नातेवाईक का?” मी म्हणालो, “कोलंबस रस्ता चुकला म्हणून त्यांना ते नाव पडलं. पण नातं जोडायला हरकत नाही.”

चौकात स्तंभ नव्हता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, मूळनिवासी दिनी, निदर्शकांनी दोर लावून तो पाडला होता. उरलेल्या चौथऱ्याभोवती लाकडी पेटी ठोकलेली होती. पाडणे बरोबर की चूक, आता काय उभारायचे, यावर गावात दोन तट पडले आणि वाद न्यायालयात गेला. ‘रानटी’ हा शब्द मात्र परत कोरा म्हणणारे मला कोणी भेटले नाही.

मागच्या वेळी ज्यांच्याकडे लक्ष गेले नव्हते, ती चित्रे या वेळी मुद्दाम पाहिली. सरकारी वसतिशाळांत एके काळी या मुलांची भाषा, वेष, चालीरीती पुसून टाकण्याचे धोरण होते. पुढे १९३२ साली सांता फेच्या शाळेत चित्रकलेचा वर्ग निघाला. त्यात सांता क्लारा प्वेब्लोची पाब्लिता वेलार्डे शिकली. त्यांच्यात चित्र काढणे पुरुषांचे काम समजत. तिने मानले नाही. पुढे ती दगड-माती कुटून स्वतः रंग करी. १९६२ साली मूळनिवासींसाठी स्वतंत्र कलासंस्थाच निघाली. तिथे पूर्वी शिकवलेल्या फ्रिट्झ शोल्डरने १९७१ साली एक चित्र रंगवले : पारंपरिक नृत्याच्या वेषातला माणूस, हातात आइस्क्रीमचा कोन. पर्यटकाला हवा तो शूर, उदास ‘इंडियन’ नाही, आजचा माणूस. आपल्या साहित्याने जे केले, तेच यांनी रंगांनी केले, असे वाटले.

ओसरीत जागा रोज सकाळी चिठ्ठ्या काढून मिळते. सगळ्यांना सारखी संधी. त्यामुळे कोण केव्हा भेटेल सांगता येत नाही. दोन सकाळी मी रिकामा परतलो. तिसऱ्या सकाळी तशीच काळी मडकी दिसली. त्यांच्यामागे तरुण बाई होती. मी जुन्या बाईंचे वर्णन सांगितले. ती म्हणाली, “ती माझी आई. आता तिला नीट दिसत नाही. घडवायचं तिनं सोडलं.”

मी सात वर्षांपूर्वीची गोष्ट सांगून टाकली. तिने हसून समोरचे मडके हातात दिले आणि कृती समजावली. माती स्वतः खणून आणायची, चाळायची. चाक नाही, वळ्या एकावर एक रचून हाताने घडवायचे. मग आजीपासून आलेल्या गुळगुळीत दगडाने तासन् तास घासायचे. भट्टी पेटली की वर शेणाचा चुरा टाकून आग कोंडायची. धूर मातीत मुरतो आणि लाल मडके काळे होते. सान इल्डेफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती हुलियन यांनी शंभर वर्षांपूर्वी अशा मडक्यांना जगभर नाव मिळवून दिले. मारियाबाईंनी आधी नाव घातले नव्हते, नंतर घालू लागल्या. आता तर १९९० च्या कायद्याने दुसऱ्याचा माल मूळनिवासींच्या हातचा म्हणून विकणे गुन्हा आहे.

किंमत नव्वद डॉलर होती. मोजून दिली. तिने मडके उलटे केले. बुडावर तिचे नाव होते. तिच्या आईच्या हातचे मडके मात्र मला मिळाले नाही, ते आता मिळणारही नाही.

ते मडके घरी आईच्या फोटोजवळ ठेवले आहे. पण गोष्ट तिथे संपली नाही. आमच्या विहारात बाबासाहेबांचे मोठे तैलचित्र आहे. पन्नास वर्षांपासून पिढ्यान् पिढ्या त्याला वंदन करतात. मी ते उतरवून मागेपुढे पाहिले. सही नाही. चौकशी केली तेव्हा एका आजींनी सांगितले, “गिरणीच्या रंगखात्यात होते ते. पाळी संपली की येऊन काढायचे.” नाव त्यांनाही आठवेना. मी अजून शोधतो आहे.

वाचकहो, आपल्या वस्तीतही असे कोणी असेल. विहारातले चित्र काढणारा, जयंतीचा देखावा उभारणारा, गाणी रचणारा, गोधडी शिवणारी. ते माणूस हयात असेल तर आजच जाऊन नाव विचारा, वस्तूच्या मागे लिहून ठेवा. आणि त्याच्या कामाचे पैसे पाडू नका.

जयभीम.