सुट्टी, समुद्र आणि सासूबाई





"या अंकात उपदेश नको, एखादे प्रवासवर्णन द्या," असे संपादक मंडळाने आम्हाला बजावले आहे. प्राचार्यांना उपदेशाशिवाय लिहायला सांगणे म्हणजे हलवायाला साखरेशिवाय जलेबी करायला सांगण्यासारखेच! तरी प्रयत्न करतो. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही माहेरी ऐकली, सासरी बोललो आणि लिहायला या शाळेत शिकलो. तेव्हा मधूनच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.

२०२२ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब मुंबई-गोवा-मुंबई असा क्रूझचा प्रवास केला. आम्ही उभयता, कॉलेजात शिकणारी मुलगी, सातवीतला भाचा आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. आमच्या पगारात बसणारी ही गोष्ट नव्हती. पाच जणांचा खर्च आमच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या पुढे गेला. शेजाऱ्यांनी विचारले, "एवढ्यात चारधाम झाले असते, या वयात सासूबाईंना बोटीवर कशाला?" पण जायचे होते ते सासूबाईंसाठीच.

सासूबाई मालवणच्या. १९५९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, लग्न होऊन त्या मालवणहून आगबोटीने मुंबईला आल्या आणि तिथून रेल्वेने उज्जैनला. त्या काळी कोकणात जाण्यायेण्याचा मोठा मार्ग समुद्राचाच होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बहुतेक बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात थांबे आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या असे सारे पडावात बसून तिच्यापर्यंत जाई. पडाव खाली-वर होत असताना खलाशी बायकांना हात धरून वर ओढून घेत. नव्या नवरीच्या हातातला हिरवा चुडा त्या ओढाओढीत फुटू नये म्हणून सासूबाईंच्या आईने त्यावर रुमाल बांधून दिला होता. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की रुमालाचा रंगही आम्हाला पाठ आहे. पिवळा!

पावसाळ्यात ही बोट बंद असे. पुढे रस्ते झाले, एस. टी. आली, बोटी एकेक करून थांबल्या आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. सासूबाई माहेरी गेल्या त्या नंतर बसने आणि रेल्वेनेच. आईवडील गेले, भाऊ मुंबईला आला, घर विकले आणि तेही जाणे संपले. पण बोटीची आठवण मात्र गेली नाही. "एकदा दर्यातून जायचे आहे," असे त्या म्हणत.

मध्यंतरी मुंबई-गोवा मार्गावर २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाचे जहाज सुरू झाले होते. सरखेल कान्होजी आंग्रे यांची आठवण देणारे ते नाव वर्तमानपत्रात वाचूनच सासूबाई हरखल्या होत्या. आम्ही पैसे जमवेपर्यंत कोविड आला आणि ते जहाज बंद झाले. मग सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' कंपनीने मुंबईहून 'एम्प्रेस' हे मोठे जहाज सुरू केले, आणि या वेळी आम्ही वाट पाहिली नाही.

उज्जैन ते बॅलार्ड पिअर

अवंतिका एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला उतरलो. देशातल्या देशात जायचे असल्याने पासपोर्ट लागला नाही, ओळखपत्र पुरले. पण पालकांनो, मुलांचे आधार कार्ड जवळ ठेवावे आणि त्यावरचे नाव तिकिटावरच्या नावाशी अक्षरशः जुळते की नाही ते घरीच बघावे. "कुलकर्णी" तीन प्रकारे लिहिणारी मंडळी आपल्या शाळेच्या दाखल्यांतही कमी नाहीत!

जहाज पाहून भाचा म्हणाला, "मामी, ही तर आपल्या टॉवर चौकातल्या इमारतींपेक्षा मोठी!" ते १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे. लांबी सुमारे २११ मीटर आणि टनेज ४८ हजारांच्या वर. आत लिफ्ट, नाटकगृह, पोहण्याचा तलाव, दुकाने. जैन जेवणसुद्धा मिळते. सासूबाई सगळीकडे बघून म्हणाल्या, "यात पाणी कुठे आहे? हे तर लग्नाचे कार्यालय आहे!"

निघण्यापूर्वी सर्व प्रवाशांना संकटकाळी कुठे जमायचे आणि लाइफ जॅकेट कसे घालायचे ते शिकवतात. तरुण मंडळी तेव्हा फोटो काढत होती. सासूबाई मात्र एकेक शब्द कान देऊन ऐकत होत्या. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली, तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. सहाशेहून अधिक माणसे गेली. 'रामदास' अवघ्या चारशे टनांची होती. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. त्या दिवसानंतर कोकणातल्या प्रत्येक घरात बोटीने जाणाऱ्या माणसाच्या नावाने देवापुढे नारळ ठेवला जाई, असे सासूबाई सांगतात. म्हणूनच त्यांनी भाच्याला दटावले, "मोबाइल ठेव, आधी पट्टा बांधायला शीक."

विद्यार्थ्यांनो, हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली, तिच्यावर सगळ्यांना पुरतील एवढ्या जीवनौका नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या शाळेतल्या अग्निशमनाच्या सरावाला जे विद्यार्थी हसतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. (हा उपदेश झाला. संपादकांनी क्षमा करावी.)

पाण्यावर बसून उज्जैन

दुसऱ्या दिवशी डेकवर बसून आम्ही भाच्याचा भूगोलाचा तास घेतला. आपली उज्जैन सुमारे ७५ अंश ४६ कला पूर्व रेखांशावर आणि मुंबई सुमारे ७२ अंश ५० कलांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर उज्जैनच्या डोक्यावर आलेला सूर्य मुंबईच्या डोक्यावर यायला साधारण बारा मिनिटे लागतात. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी रेखांश मोजायला आरंभ केला तो उज्जैनपासून. राजा जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली तीही इथे. समुद्रात रस्ता नाही, पाटी नाही. रेखांश आणि अक्षांश हाच तिथला पत्ता. पठारावरच्या या आपल्या गावाने आकाश मोजले आणि तीच विद्या दर्यावर्दींच्या कामाची, हे पाण्यावर बसल्यावर आम्हाला जास्त चांगले समजले.

समुद्राशी आपले नाते आणखीही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात उज्जैनचा उल्लेख 'ओझेनी' असा आहे. इथला माल भडोच बंदरात जाऊन तिथून परदेशी जाई. आणि आज आपण ज्या महाकाल मंदिराच्या शिखराला हात जोडतो, त्याचा अठराव्या शतकातला जीर्णोद्धार करणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर मूळचे कोकणचे! म्हणजे मालवणची सून उज्जैनला आली, ती काही परक्या गावात आली नाही. कोकणची माणसे इथे तिच्या दोनशे वर्षे आधीच येऊन गेली होती.

मालवण

आता मुख्य गोष्ट. हे जहाज मालवणला थांबत नाही, हे सासूबाईंना आम्ही आधीच सांगितले होते. त्यांनी जहाजावरच्या एका कर्मचाऱ्याला विचारून घेतले की मालवणची सरळ रेघ साधारण किती वाजता येईल. पहाटे चारच्या सुमारास, असे तो म्हणाला. साडेतीनला त्या स्वेटर घालून, वर शाल घेऊन तयार! आम्ही उभयता त्यांना धरून डेकवर गेलो. नाचगाणे संपून सगळीकडे सामसूम होती. फक्त पाण्याचा आवाज.

पूर्वेला दूरवर काही दिवे होते. ते मालवणचे की मासेमारीच्या होड्यांचे, हे आम्हाला सांगता आले नसते. सिंधुदुर्ग किल्ला दिसणे तर शक्यच नव्हते. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा एवढे दिवे नव्हते. एक कंदील होता, बाबांच्या हातातला. पडाव लांब गेला तरी ते किनाऱ्यावर कंदील हलवत होते. मी तोंड फिरवले, कारण रडायला येत होते. नंतर बघितले तर सगळेच काळे."

ही गोष्ट त्यांनी त्रेसष्ट वर्षांत कधीच सांगितली नव्हती. चुड्याची, पिवळ्या रुमालाची, ओकारीची, सहप्रवाशाच्या पळालेल्या कोंबडीची, सगळ्या गोष्टी सांगितल्या, पण कंदिलाची नाही. आमच्या यजमानांनाही ती ठाऊक नव्हती. त्यांनी आईचा हात धरला आणि आम्ही तिघे तिथेच उजाडेपर्यंत बसलो.

गोवा छान आहे. त्याविषयी तुम्ही पुष्कळ वाचले असेल, आम्ही लिहीत नाही.

अर्ज आणि निबंध

आता शाळेविषयी दोन गोष्टी. परत आल्यावर एका पालकांचा अर्ज आला. मुलाला घेऊन क्रूझला जायचे आहे, सुट्टीत भाडे फार वाढते, म्हणून शाळा सुरू असताना चार दिवसांची रजा द्यावी. त्यांचे म्हणणे खोटे नाही. सुट्टीतले भाडे आम्ही स्वतः भरले आहे. तरी आम्ही रजा नाकारली. परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते, हे त्याचे कारण नाही. चार दिवसांनी ती काही घसरत नाही. कारण वर्गातली बाकीची चाळीस मुले आहेत. तिकीट परवडले की शाळेचा दिवस मागून घेता येतो, हे त्यांनी शिकू नये. इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर एका वडिलांना दंड झाला होता. मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाला नेले म्हणून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये निकाल वडिलांच्या विरुद्ध लागला. आपल्याला दंडाची गरज नाही, समजुतीने होते. त्या पालकांनीही आमचे म्हणणे ऐकून घेतले, याबद्दल त्यांचे आभार.

दुसरी गोष्ट निबंधाची. सुट्टीनंतर पाचवीच्या मुलांनी 'मी सुट्टीत कुठे गेलो' हा निबंध लिहिला. कुणी मनाली, कुणी गोवा, कुणी आजोळी इंदूर-देवास. एका मुलीने एकच ओळ लिहिली होती, "आम्ही कुठेच गेलो नाही." त्या एका ओळीवर आम्ही शिक्षक मंडळींनी अर्धा तास चर्चा केली. तिने खरे लिहिले होते, आणि लिहायला तिच्याजवळ काही नव्हते असेही नाही. विचारणाऱ्याने तिच्या घरात असलेले विचारले नव्हते, एवढेच.

म्हणून सर्वानुमते ठरले की यापुढे विषय असा राहील: 'आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी केलेला एक प्रवास'. आपल्या समाजातले प्रत्येक घर कुठून तरी उज्जैनला आले आहे. कुणी शिंद्यांच्या फौजेबरोबर, कुणी मिलमध्ये नोकरीला, कुणी लग्न होऊन. हा प्रवास विचारायला तिकीट लागत नाही. आजीजवळ बसावे लागते, आणि एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदाही ऐकावी लागते. कंदील दुसऱ्यांदाच निघतो.

विश्वस्त मंडळींना विनंती एवढीच की या वह्यांसाठी ग्रंथालयात एक कुलूपबंद कपाट मिळावे. वह्या रद्दीत जाऊ नयेत. आणि पालकांना विनंती की ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसे आहेत, त्यांनी पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये. मुलांना आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसवावे.

सर्वांना येणाऱ्या सुट्टीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

आपले,
प्राचार्य