हातांची परंपरा

प्रेषितीय परंपरा हा विषय शेळगावात उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आम्हां उभयतांच्या वाट्याला येईल, असे कधी वाटले नव्हते. मुलीचे स्थळ ठरले आणि तो घरात आला. मुलाकडील मंडळी नगर भागातील, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. पहिल्याच बैठकीत व्याह्यांनी विचारले, "पाव्हणं, लग्नाला तुमच्या बिशपांची परवानगी लागते म्हणता. मग आमचे बिशप बिशप नव्हेत काय?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

घरी आल्यावर 'प्रेषितांची कृत्ये' उघडले. यहूदाच्या जागी प्रार्थनापूर्वक मत्थियाची निवड झाली. म्हणजे प्रेषितांचे कार्य त्यांच्याबरोबर संपावयाचे नव्हते. इ. स. १८० च्या सुमारास संत इरेनियस यांनी रोमच्या बिशपांची नावे क्रमाने नोंदविली. ३२५ च्या निकेया परिषदेने नव्या बिशपांच्या दीक्षेस किमान तीन बिशप हवेत, असा नियम केला. मस्तकावर हात ठेवण्याची तीच परंपरा १८८६ साली स्थापन झालेल्या आपल्या पुणे धर्मप्रांतापर्यंत पोहोचली.

व्याह्यांच्या पूर्वजांना सुवार्ता मिळाली ती अमेरिकन मराठी मिशनकडून. त्या परंपरेत बिशप नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, तेव्हा बिशपपद सर्वांनी स्वीकारले आणि ऐक्यविधीत परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना झाली. त्यांना बिशपपद लाभले ते मुख्यतः अँग्लिकन परंपरेतून. परंतु पोप तेरावे लिओ यांनी १८९६ मध्ये अँग्लिकन दीक्षा अवैध ठरविल्या होत्या, आणि तो निर्णय आजही कायम आहे. त्यांचा स्नानसंस्कार मात्र आपली ख्रिस्तसभा मान्य करते.

दुसऱ्या बैठकीत आम्ही हे सारे आडपडदा न ठेवता सांगितले. व्याही जरा दुखावले. मग म्हणाले, "बरं झालं, स्पष्ट बोललात. सोयरीक खोट्यावर टिकत नाही."

यथावकाश परवानगी आली, लग्न लागले. मुलगी पाया पडली तेव्हा आम्ही तिच्या मस्तकावर हात ठेवला. पाठोपाठ व्याह्यांनीही ठेवला. तो काही दीक्षाविधी नव्हता. तरीही वाटले, बिशपांची नामावळी आपण अभिमानाने सांगतो. पण त्या हातांनी जपून आणलेली श्रद्धा आपल्या लेकरांच्या हाती देण्याचे काम आपल्याच घरात व्हावयाचे आहे. ते आपण करतो काय?