बर्फ पाहायला गेलो, शेगडीने शिकवले

आमच्या वस्तीत थंडी म्हणजे काय? जानेवारीत दोन-चार दिवस कोपऱ्यावर शेकोटी पेटते, म्हातारी माणसे कानाला मफलर गुंडाळतात, झाली थंडी! अशा आम्ही चार कुटुंबांनी, लहानमोठी धरून चौदा माणसांनी, दोन वर्षे भिशी भरली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत मनाली गाठली. मुलांनी बर्फ सिनेमातच पाहिला होता. खरे सांगायचे तर आम्हीसुद्धा.

रेल्वेने चंदीगड, तिथून रात्रभर बस. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, माळ्यावरचे सगळे स्वेटर, अशी तयारी जय्यत होती. पण आत सुती बनियन, पायात सुती मोजे! सुती कापड ओले झाले की लवकर वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. शिवाय एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे, कारण मधली हवा ऊब राखते. हे शहाणपण आम्हाला गमबूट भाड्याने देणाऱ्या बाईंनी शिकवले. सर्वांत वर वारा-पाणी न शिरणारा कोट आणि पिशवीत मोज्यांची कोरडी जोडी, हेही त्यांनीच सांगितले.

पहिला दिवस मनालीतच काढला. मनाली सुमारे ६,७०० फुटांवर आहे. दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून सिस्सूला गेलो. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. पूर्वी रोहतांग घाट बर्फाने बंद झाला की लाहौलचा रस्ताच तुटायचा. आता माणूस थोड्या वेळात १०,००० फुटांवर पोहोचतो. सोय मोठी झाली, पण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला सवड मिळत नाही. डोके ठणकू लागले, मळमळले, तर आणखी वर जाऊ नये आणि त्रास वाढला तर खाली उतरावे.

बर्फ दिसताच मुले किंचाळली. आमच्या आईने मूठभर उचलून गालाला लावला आणि लहान मुलीसारखी हसली. धाकटे बंधू ऐटीत चालायला गेले नि आपटले. मग गाडीच्या चालकाने धडा दिला : पाऊल छोटे टाका, गुडघे किंचित वाकवा, हात खिशाबाहेर ठेवा, बदकासारखे चाला. चकाकणारा बर्फ दिसला की बाजूने जा. बर्फावरून ऊन उसळून डोळ्यांत जाते, म्हणून काळा चष्मा हवाच. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी पीत राहावे. पोरांना बर्फ मात्र खाऊ देऊ नये.

दिवस आनंदात गेला. घात झाला तो रात्री.

आईचे दात वाजत होते. आम्ही जवळच्या ढाब्यावरून पेटती कोळशाची शेगडी मागून आणली, खोलीच्या मध्यभागी ठेवली, दार-खिडक्या लावल्या, फटींत टॉवेल कोंबले. सहा माणसे पांघरुणात शिरली. काही वेळाने पुतणी म्हणाली, "काका, डोकं लई दुखतंय, उलटीसारखं होतंय." उंचीचा त्रास असेल, झोप, असे आम्ही तिला दटावले. आई तर हाक मारली तरी नीट बोलेना. तेवढ्यात रात्रीचा चौकीदार गरम पाणी घेऊन आला. शेगडी पाहताच तो ओरडला, "अंगीठी अंदर? सुबह कोई नहीं उठता, बाबूजी!" त्याने खिडक्या उघडल्या, शेगडी बाहेर नेली. आम्ही सर्वांना मोकळ्या हवेत आणले, आईला आणि पुतणीला तसेच दवाखान्यात नेले. प्राणवायू लावला. पहाटे आईने आम्हाला नावाने हाक मारली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

कोंडलेल्या हवेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. आम्ही बी.कॉम. शिकलेले, वस्तीत फिरून लोकांना आरोग्याच्या गोष्टी सांगणारे. पण वेळेवर आमची अक्कल कुठे गेली होती? आम्हाला वाचवले ते चौकीदाराच्या अनुभवाने.

तेव्हा बंधुभगिनींनो, जरूर जा. कष्टाच्या पैशातून मुलांना जग दाखवा. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर बर्फाने चोळू नका, आगीवरही धरू नका. कोमट पाण्यात ठेवा. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडी तापल्यासारखी वाटते, पण आतली ऊब निघून जाते. थरथरणारा माणूस अडखळत बोलू लागला, पेंगू लागला, तर त्याचे ओले कपडे काढा, त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आणि आमची आई आता शेजारणींना जे सांगते, तेही लक्षात ठेवा : "बर्फ लई ग्वाड हाय बाई, पण शेगडी भाईर ठेवा!"