थंड इंजिन

हिवाळ्यात फजरनंतर गाडी सुरू करून दहा मिनिटे उभी ठेवायची, ही आमच्या अब्बांची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी सवय. त्यांची पहिली गाडी कार्ब्युरेटरवाली मारुती 800. चोक ओढल्याशिवाय ती हलायची नाही. त्या गाडीसाठी त्यांचे बरोबरच होते. आताच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे ते सेन्सर आणि संगणक ठरवतात, ऑइलही काही सेकंदांत सगळीकडे पोहोचते. अर्धा मिनिट पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावी; उभ्यापेक्षा चालती गाडी लवकर तापते.

पेट्रोल जळते त्याचे मला एवढे नाही. पोर्चवर मुलांची खिडकी आहे आणि धाकटीला दमा आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत नीट काम करत नाही, म्हणजे सुरुवातीचा धूरच सर्वांत वाईट. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

अब्बांना ‘तुमचे चुकते’ म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. मी एवढेच म्हटले, “अब्बा, गाडी आधी फाटकाबाहेर घ्या, मग हवी तेवढी तापवा.”

बाहेर गल्लीत दूधवाला मागे हॉर्न वाजवत थांबतो. अब्बा लगेच निघतात.